फळीवरचं जंक्शन

मॉडेल रेल्वेत सगळ्यांत जास्त चालणारं प्रमाण म्हणजे एचओ, १:८७. या मापात आजचा एलएचबी डबा साधारण २७ सेंटीमीटरचा होतो आणि २४ डब्यांची गाडी इंजिनासकट साडेसहा मीटरच्या पुढे जाते. ही झाली नुसती उभी गाडी. तिला वळायला जागा हवी, प्लॅटफॉर्म हवा, पुढे जायला रूळ हवेत. एन प्रमाण, म्हणजे १:१६० घेतलं, तरी तीच गाडी साडेतीन मीटरहून जास्त भरते. माथेरानची गाडी तर प्रत्येकाच्या मनात पहिल्यांदा येते. नेरळ ते माथेरान अंतर सुमारे २१ किलोमीटर. १:८७ ने ते होतं २४० मीटर. चढण साडेसातशे मीटरच्या आसपास, म्हणजे मॉडेलमध्ये साडेआठ मीटर. बिल्डिंगच्या जिन्यातून तीन मजले चढवत न्यावी लागेल ती गाडी.

म्हणजे घरात रेल्वे मांडायची तर बरंच काही सोडून द्यावं लागणार, हे पहिल्या दिवशीच मान्य करायला हवं. प्रश्न एवढाच, की काय सोडायचं. बहुतेक जण गाडी आखडती घेतात: इंजिन, चार डबे, लंबगोल रूळ, मध्ये एक बोगदा. बाजारात मिळणारा तयार संचही असाच असतो. १८९१ मध्ये जर्मनीच्या मॅर्कलिन कंपनीने लाइपझिगच्या जत्रेत रुळांची ठरावीक मापं आणि पुढे वाढवता येईल असा चावीच्या गाडीचा संच मांडला, तेव्हापासून ही कल्पना चालत आली आहे, आणि सुरुवात म्हणून ती छानच आहे. पण लंबगोलावर गाडी जिथून निघते तिथेच येते. घरातली मुलं दोन-चार दिवस डोळे लावून बघतात, मग संच खोक्यात जातो आणि खोकं माळ्यावर. मुलांचा उत्साह टिकत नाही असा दोष आपण त्यांना देतो, तो मला अन्यायाचा वाटतो. गाडीला कुठे जायचं नाही, काही आणायचं नाही, कुणासाठी थांबायचं नाही. मग बघणाऱ्याने तरी किती बघायचं?

या पुस्तकाचा सगळा भर यावर आहे: जागा लहान असेल तर गाडी पळवण्याचा हट्ट सोडावा आणि तिला काम द्यावं. खऱ्या रेल्वेतलं सगळ्यांत कमी जागेत होणारं आणि सगळ्यांत जास्त डोकं लागणारं काम म्हणजे शंटिंग, डबे-वाघिणी पुढे-मागे करून हव्या त्या क्रमाने लावणं. ॲलन राइट या इंग्रज मॉडेलरने त्यासाठी केलेली ‘इंगलनूक’ ही रचना इतकी साधी आहे, की ती बघून प्रथम विश्वास बसत नाही. तीन साइडिंग, दोन सांधे. एका साइडिंगमध्ये पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोन्हींत तीन-तीन. पुढे मागे करायला जी लाइन असते तिच्यावर इंजिन आणि तीन वाघिणी, बस्स. एकूण वाघिणी आठ. आठ चिठ्ठ्यांमधून पाच उचलायच्या आणि ज्या क्रमाने त्या आल्या त्याच क्रमाने पाच वाघिणींची गाडी लावायची. क्रम किती होऊ शकतात? आठ गुणिले सात गुणिले सहा गुणिले पाच गुणिले चार, म्हणजे ६७२०. रोज एक सोडवला तरी अठरा वर्षं पुरतील. आणि जागा किती लागते? एक वाघीण जोडणीसकट नऊ सेंटीमीटरची धरली तर सव्वा मीटर लांब आणि ३० सेंटीमीटर रुंद फळी. भिंतीवरच्या शेल्फवर, कपाटाच्या माथ्यावर, अभ्यासाच्या टेबलाच्या मागच्या कडेला ती बसते.

आता त्या फळीवर कुठलं गाव उभं करायचं, याकडे वळू. या प्रस्तावनेत मला सर्वांत जास्त जे सांगायचं आहे ते इथेच आहे.

भारतातली ब्रॉडगेज जगातल्या बहुतेक मॉडेलांना न जुळणारी आहे. एचओचे रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचे असतात. ते युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटर रुळांचं बरोबर १:८७ रूप आहे. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. तिला १:८७ ने १९.३ मिलिमीटर हवेत. ते तयार मिळत नाहीत, म्हणून भारतीय गाड्यांची मॉडेलं १६.५ च्याच रुळांवर चालवली जातात आणि समोरून पाहिलं की गाडी अरुंद पायांवर उभी असल्यासारखी दिसते. पुष्कळांना ते खटकत नाही, आणि खटकलंच पाहिजे असं माझं म्हणणंही नाही. पण आपल्याकडे बार्शी लाइट रेल्वे होती, मूर्तिजापूरची ‘शकुंतला’ होती, पाचोरा-जामनेर होती, पुलगाव-आर्वी होती. या सगळ्या ७६२ मिलिमीटरच्या, म्हणजे अडीच फुटी नॅरोगेज. ७६२ ला ८७ ने भागून बघा: ८.७६. आणि एन प्रमाणाचे रूळ, जे जगात कुठेही मिळतात, ते आहेत ९ मिलिमीटरचे. फरक पाव मिलिमीटरचा. बाजारातले तयार रूळ आणि एन प्रमाणाच्या इंजिनाची चाकं-मोटर घ्यावी, वर १:८७ चा डबा किंवा इंजिनाचं अंग प्लास्टिकच्या पातळ शीटमधून स्वतः कापून बसवावं, की महाराष्ट्रातली नॅरोगेज मापात बरोबर उभी राहते. ब्रॉडगेजच्या बाबतीत जे अवघड ते इथे आपसूक जुळतं.

नॅरोगेजचा दुसरा गुण म्हणजे तिच्या गाड्या मुळातच लहान. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी असा मार्ग सुरू केला तेव्हा सगळ्या गाड्यांचा भार प्रत्येक आसावर पाच टनांहून जास्त पडू नये, हे सूत्र धरलं होतं. त्यामुळे हलके रूळ पुरले, वळणं घट्ट घेता आली, पूल स्वस्तात झाले. पुढे तीच रेल्वे पंढरपूरला पोचली, लातूरला आणि मिरजेला गेली. कॅलथ्रॉपने पैसे वाचवण्यासाठी जे केलं ते सगळं मॉडेल करणाऱ्याच्या पथ्यावर पडतं: लहान इंजिन, आखूड प्लॅटफॉर्म, अरुंद वळण, एका कौलारू खोलीचं स्टेशन.

या पुस्तकातला मुख्य आराखडा मात्र मी वऱ्हाडातला घेतला आहे. मूर्तिजापूर हे मुंबई-नागपूर मुख्य मार्गावरचं जंक्शन. तिथून नॅरोगेज एका बाजूला अचलपूरला आणि दुसऱ्या बाजूला यवतमाळला जात असे. किलिक निक्सन कंपनीच्या हाती असलेला हा मार्ग कापसासाठी टाकलेला. वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत चाललं, नंतर डिझेल आलं. कापूस नॅरोगेजने यायचा आणि मुंबईकडे ब्रॉडगेजने जायचा, म्हणजे जंक्शनवर प्रत्येक गाठ एका वाघिणीतून काढून दुसरीत चढवावी लागायची. रेल्वेच्या हिशेबात ही कटकट. आपल्या फळीवर हीच दौलत आहे. एका शेडच्या दोन बाजूंना दोन मापांचे रूळ, मध्ये गाठींची रास, अलीकडे नॅरोगेजचं इंजिन एकेक भरलेली वाघीण आणून लावतंय आणि रिकामी घेऊन जातंय. इंगलनूकच्या तीन साइडिंगना आता नावं आणि कामं मिळाली: माल उतरवायची, रिकाम्या वाघिणी ठेवायची, आणि गाडी लावायची.

ब्रॉडगेज तर मापात मिळत नाही, असं कुणी म्हणेल. पण इथे ब्रॉडगेजवर काहीच चालायचं नाही. त्या वाघिणी फक्त उभ्या राहायच्या आहेत. मग रूळ हाताने, अगदी १९.३ मिलिमीटरवर टाकता येतात. आइस्क्रीमच्या काड्यांचे ३२ मिलिमीटर लांब आणि तीन मिलिमीटर रुंद तुकडे म्हणजे स्लीपर. ते आठ-आठ मिलिमीटरवर चिकटवायचे, फ्लेक्सिबल ट्रॅकमधून सरकवून काढलेले रूळ त्यांच्यावर बसवायचे. एक संध्याकाळचं काम. दोन मापं शेजारी शेजारी खरी दिसू लागली, की नॅरोगेज किती लहान होती ते सांगायला वेगळी पाटी लागत नाही.

आणि गाठी. रुईची दाबलेली गाठ साधारण मीटरभर लांब, म्हणजे मॉडेलमध्ये जेमतेम १२ मिलिमीटर. सहा बाय पाच मिलिमीटरची लाकडी पट्टी घ्यावी, तिचे १२ मिलिमीटरचे तुकडे करावेत, कडा सँडपेपरने किंचित मोडाव्यात. धारदार कडांची गाठ लाकडाचीच दिसते. टिश्यू पेपर कोऱ्या चहाच्या पाण्यात बुडवून वाळवला की गोणपाटाचा रंग येतो. तो पातळ फेविकॉलने गुंडाळायचा आणि वरून शिवणाच्या काळ्या दोऱ्याचे वेढे द्यायचे, त्या लोखंडी पट्ट्या. शेवटी एका टोकाला कापसाचा अगदी बारीक धागा चिमट्याने बाहेर ओढून ठेवायचा, गाठ फाटल्यासारखा. असे पन्नास-साठ नग एका रविवारी होतात. घरातल्या लहान-मोठ्या सगळ्यांना हे काम देता येतं आणि ते सगळ्यांना आवडतं, असा माझा अनुभव आहे.

वऱ्हाड निवडण्याचं आणखी एक कारण म्हणजे तो सपाट आहे. लेआउट म्हटलं की हात आधी डोंगर आणि बोगद्याकडे जातो. पण चढाची किंमत जागेत मोजावी लागते. एका रुळावरून दुसरा न्यायचा तर साडेसात सेंटीमीटर उंची हवी. १:४० चढ धरला तर तेवढ्यासाठी तीन मीटर लांबी गेली, आणि उतरायला पुन्हा तीन. माथेरानच्या खऱ्या मार्गावर १:२० पर्यंतचे चढ आहेत, पण मॉडेलचं हलकं इंजिन अशा चढावर दोन डबे ओढतानाही चाकं फिरवत जागीच राहतं. काळी जमीन, दोन बाभळी, एक कडुनिंब, मागे रंगवलेलं मोठं आभाळ. सव्वा मीटरमध्ये मोकळं मैदान जितकं दूरवर दिसतं तितका डोंगर कधीच उंच वाटत नाही.

तरीही घाटाशिवाय ज्यांना चैन पडणार नाही त्यांच्यासाठी एक प्रकरण भोर घाटाच्या रिव्हर्सिंग स्टेशनवर आहे. १८६३ मध्ये घाट सुरू झाला तेव्हा खंडाळ्याच्या अलीकडे गाडी एका बंद टोकाच्या स्टेशनात शिरायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट दिशेने पुढचा घाट चढायची. १९२९ मध्ये नवा मार्ग झाल्यावर हे थांबलं. मॉडेलसाठी या जागेचं वैशिष्ट्य असं, की खालची आणि वरची दोन्ही लाइन स्टेशनच्या एकाच बाजूने येतात. म्हणजे गाड्या दडवायचं पडद्यामागचं यार्ड एकाच टोकाला पुरतं आणि दुसरं टोक थेट दरीत उघडं ठेवता येतं.

डोंगर करायचाच तर सह्याद्रीचा करा, एवढी माझी विनंती आहे. परदेशी साच्यांतून निघणारे खडक तिरक्या भेगांचे, टोकदार असतात. आपला खडक लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेला. कडा, मग उताराची पट्टी, मग पुन्हा कडा. प्लास्टर ओलं असताना जुन्या टूथब्रशने आणि पट्टीने आडव्या रेघा ओढल्या तरी निम्मं काम होतं. बाकीचं तंत्र मराठी घरात शिकवावं लागत नाही. दिवाळीत ज्याने दगड-विटांवर गोणपाट टाकून, माती लिंपून, अळीव पेरून किल्ला केला आहे, त्याने जाळीवर प्लास्टरमध्ये भिजवलेल्या कापडाच्या पट्ट्या टाकायच्या आणि अळिवाऐवजी रंगवलेला भुसा पेरायचा. फक्त एक सवय सोडावी लागते. किल्ल्यावर महाराज दरवाज्यापेक्षा उंच असले तरी चालतात. इथे हमाल २० मिलिमीटरचाच असला पाहिजे आणि दार त्याच्याहून उंच.

खडीबद्दल थोडं. रुळांखालची खडी ५० मिलिमीटरची धरली तर मॉडेलमध्ये ती अर्ध्या मिलिमीटरच्या जरा वर येते. परदेशी पाकिटं घ्यायची गरज नाही. बांधकामावरची क्रश सँड चहाच्या गाळणीतून चाळा. महाराष्ट्रात ती बहुतेक बेसॉल्टचीच असते आणि खरी खडीही बेसॉल्टचीच, त्यामुळे रंग द्यावा लागत नाही. ती रुळांत पसरून वर पाण्याचा फवारा, मग पाण्यात पातळ केलेलं फेविकॉल आणि त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब. साबण नसेल तर फेविकॉलचे थेंब खडीवर गोळा होऊन बसतात, आत मुरत नाहीत. नॅरोगेजच्या यार्डात मात्र खडी जपून वापरा. तिथे माती, राख आणि गवत रुळाच्या माथ्यापर्यंत आलेलं असतं. ते आपल्या सोयीचंही आहे, कारण एन प्रमाणाच्या रुळांचे स्लीपर १:८७ च्या मानाने फार जवळ जवळ असतात. मातीत गाडले की कुणाला दिसत नाहीत.

विजेचं प्रकरण वाचकांनी घाबरून ओलांडू नये. १२ व्होल्टचा डीसी पुरवठा दोन रुळांतून जातो, चाकांतून मोटरला मिळतो; तारा उलट्या केल्या की गाडी उलटी जाते. एका इंजिनाच्या फळीला याहून जास्त काही लागत नाही. अडचण येते ती सांध्यावर. दोन रूळ जिथे एकमेकांना छेदतात तो तुकडा बऱ्याच सांध्यांत प्लास्टिकचा असतो. लांब इंजिन त्यावरून निघून जातं, पण आपलं सहा चाकांचं छोटं इंजिन नेमकं तिथेच वीज तुटून उभं राहतं, आणि शंटिंगमध्ये तर ते सावकाशच जायला हवं. म्हणून त्या जागी धातूचा तुकडा असलेले सांधे घ्या आणि सांधा बदलताना त्याची वीजही बदलेल असा स्विच लावा. पैसे वाचवायची जागा ही नव्हे. इमारती पुठ्ठ्याच्या चालतील, झाडं तारेची चालतील. रूळ, सांधे आणि इंजिनाची मोटर चांगलीच हवी.

आपली हवा हा स्वतंत्र विषय आहे. परदेशी पुस्तकं थंड, बंद खोल्यांसाठी लिहिलेली असतात. आपल्याकडे मार्च ते मे धूळ आणि नंतर चार महिने दमट. मीटरभर रूळ २० अंशांच्या फरकाने मिलिमीटरचा तिसरा हिस्सा लांबतो, म्हणून मीटरमागे अर्ध्या मिलिमीटरची फट ठेवली की भागतं. खरा त्रास लाकडाचा. प्लायवुड पावसाळ्यात पाणी ओढतं आणि फळी पिळते. रूळ टाकायच्या आधी तिला वरून, खालून आणि मुख्य म्हणजे चारही कडांना रंग किंवा व्हार्निश द्या. रुळांवर काळा थर जमतो तो केमिस्टकडच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि सुती कापडाने पुसायचा. सँडपेपर कधीही लावू नये. त्याने पडलेल्या ओरखड्यांत घाण आणखी घट्ट बसते.

पुस्तकं वाचण्यापेक्षा बघणं जास्त शिकवतं, म्हणून दोन ठिकाणी जाऊन या. पुण्यात कर्वे रस्त्यावर भाऊ जोशी यांनी उभं केलेलं मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून आहे. लहानपणापासूनचा एका माणसाचा ध्यास किती मोठा होऊ शकतो ते तिथे दिसतं. दुसरं नागपूरला मोतीबागेत: नॅरोगेज रेल्वे संग्रहालय, २००२ मध्ये सुरू झालेलं. आपल्याला हव्या त्याच ७६२ मिलिमीटरच्या गाड्या तिथे उभ्या आहेत. परवानगी घेऊन टेप लावा, काठीवर दर दहा सेंटीमीटरला काळी-पांढरी पट्टी रंगवून ती गाडीशेजारी उभी करून फोटो काढा. घरी आल्यावर पायरीची उंची, खिडकीची रुंदी, सगळं त्या फोटोवरून मोजता येतं. हे आता करायला हवं, कारण मूळ मार्ग संपत चालले आहेत. बार्शीची लाइन ब्रॉडगेज झाली. शकुंतलेचे रूळ गवतात आहेत. स्टेशनात बसायची बाकं कशी होती, कंदील कुठे टांगायचे, गाठी कोणत्या दाराने उतरायच्या, हे सांगणारी माणसं मूर्तिजापूर, दारव्हा, अचलपूरला अजून भेटतात. त्यांच्याकडून ऐकून केलेल्या एका शेडमध्ये जितकी माहिती जपली जाते तितकी सरकारी नकाशात नसते. मला या छंदाची ही बाजू सर्वांत मोलाची वाटते, म्हणून प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी वाचकाने कुणाला काय विचारावं याची एक यादी दिली आहे.

वाचायला कुठूनही सुरुवात करा, पण कामाला फळीपासूनच लागा. फळी झाली की रूळ आधी नुसत्या टाचण्यांनी बसवा. आठही वाघिणी घेऊन आठवडाभर शंटिंग करा. इंजिन ढकलताना, ओढताना, सांधा बदलून वळवताना लक्ष ठेवा. जिथे वाघीण रुळावरून उतरेल किंवा जोडणी सुटेल तिथे पेन्सिलीने खूण करा, रूळ हलवा, पुन्हा चालवा. फेविकॉलची बाटली त्यानंतर उघडायची.